धडधाकट पोट्ट्यानं दवाखान्यात काहून जावं?

महिन्या-दोन महिन्यांनी असा एखादा व्हिडिओ मोबाइलवर येतोच. वरातीत नाचता नाचता पोरगा खाली बसला, तो उठलाच नाही. खाली मजकूर, ‘वय अवघं ३१’. गावच्या ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागते, पानठेल्यावर दोन दिवस तीच चर्चा होते आणि तिसऱ्या दिवशी गाडी सोयाबीनच्या भावावर येते. एखादा घाबरून तालुक्याला जातो आणि चार पानांची तपासणी करून आणतो. बाकीचे म्हणतात, जे व्हायचं ते होतेच.

अशाच चर्चेत परवा शेजारच्या पोरानं मला गाठलं. पोलीस भरतीची तयारी करतो. पहाटे डांबरी रस्त्यावर सोळाशे मीटरचा सराव, संध्याकाळी बैठका. म्हणाला, “भाऊ, मी रोज पळतो. सर्दी सोडली तर मले काही होत नाही. मंग मी दवाखान्यात काहून जाऊ? डॉक्टरले काय सांगू, काय दुखते म्हणून?”

प्रश्न चोख होता. “जाऊन ये, चांगलं असते” एवढ्यानं त्याचं समाधान झालं नसतं, आणि व्हायलाही नको. म्हणून जरा मुळापासून सांगतो.

बोंड बाहेरून हिरवंच असते

त्याच पोराला मी विचारलं, तुझे बाबा कपाशीत गुलाबी बोंडअळी कशी पाहतात? पोरगा शेतकऱ्याचाच, लगेच बोलला. कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे सापळे लावायचे, सलग तीन दिवस आठ-दहा पतंग सापडले की सावध व्हायचं. डोमकळ्या, म्हणजे आत अळी असल्यानं नीट न उमललेली फुलं दिसली की तोडायची. आणि एकरातून वीसेक हिरवी बोंडं तोडून, फोडून पाहायची. दोनात अळी निघाली तर फवारणीची वेळ झाली.

बोंडं फोडायची कशाला, बाहेरून दिसत नाही का? नाही दिसत. अळी बारीक असते तेव्हाच बोंडात शिरते आणि बोंड वाढलं की शिरायचं छिद्र बुजून जातं. वरून बोंड हिरवंगार, टणक; आत सरकी खाणं चालू. २०१७ साली विदर्भात या अळीनं कपाशीचा घास घेतला, तेव्हा कित्येकांना नुकसान कळलं ते वेचणीला, बोंड फुटल्यावर. तोवर फवारून उपयोग नव्हता.

माणसाच्या बऱ्याच मोठ्या आजारांची चाल हीच. बीपी, साखर, किडनीचा आजार, तोंडाच्या कॅन्सरच्या आधीची अवस्था, यातलं काहीच सुरुवातीला दुखत नाही. आपण दुखण्याला आजाराची सुरुवात समजतो. पुष्कळदा ती बोंड फुटण्याची वेळ असते.

तरणं शरीर खोटं बोलतं

शरीराच्या प्रत्येक महत्त्वाच्या अवयवाकडे रोजच्या कामाला लागते त्याहून बरीच जास्त ताकद असते. तिला राखीव क्षमता म्हणतात. मी शिल्लक म्हणेन, घरात पुढच्या हंगामासाठी ठेवलेल्या धान्यासारखी.

किडनीचंच पाहा. आई लेकराला एक किडनी देते आणि त्यानंतर स्वयंपाक, शेत, लग्नकार्य सगळं करते. म्हणजे अर्ध्या सामानावर घर चालतं. ही देवाची कृपा आहे आणि गोची पण हीच आहे. आजारानं दोन्ही किडन्यांचं मिळून अर्धं काम बंद पाडलं तरी माणसाला पत्ता लागत नाही. रक्तातलं क्रिएटिनिन पाहून किडनीचा अंदाज घेतात, तेसुद्धा बरंच नुकसान होईपर्यंत बरोबर दिसू शकतं. लघवीतून प्रथिनं जायला मात्र त्याच्या कितीतरी आधी सुरुवात होते. लघवीत एक पट्टी बुडवली की ते कळतं. पण तिशीच्या आत कोण लघवी तपासायला जातो?

रक्त कमी असलेल्या बाईचंही तसंच. हिमोग्लोबिन सातवर आलेली बाई कापूस वेचताना तुम्ही-आम्ही पाहिली आहे. बाळंतपणात रक्त जाऊन एका रात्रीत ते सातवर आलं असतं तर ती खाटेवरून उठली नसती. पण हळूहळू घसरलं, म्हणून शरीर भागवत गेलं. हृदय जास्त ठोके देतं, बाई थोडी हळू चालते, घरचे म्हणतात ‘आळशी हाय’. प्रौढ बाईला किमान १२ आणि पुरुषाला १३ हिमोग्लोबिन हवं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायांपैकी ५७ टक्क्यांचं रक्त कमी निघालं. शंभरातल्या सत्तावन्न बाया आळशी नसतात.

वय जितकं कमी तितकी शिल्लक जास्त, आणि शिल्लक जितकी जास्त तितकी लपवाछपवी चांगली जमते. साठीच्या माणसाचं शरीर लवकर कुरकुरतं. पंचविशीचं शरीर सगळं झाकून नेतं. रोज पळणाऱ्या पोराला बरं वाटतं म्हणून तो बराच असेल, हे बहुतेक वेळा खरं असतं. पण ‘बहुतेक’ची खात्री त्याच्या स्वतःच्या बरं वाटण्यावरून करता येत नाही, एवढंच मला त्याला सांगायचं होतं.

माझं रक्त घेतलं नाही तेव्हा

हे शहाणपण मला पुस्तकातून आलेलं नाही. मी २९ वर्षांचा होतो. १४ एप्रिलला गावात जयंतीचं रक्तदान शिबिर होतं. शाळेच्या वर्गात खाटा टाकलेल्या, कूलर लावलेला, बाहेर ऊन रणरणतंय. बीपी पाहणाऱ्या बाईंनी माझ्या दंडाला पट्टा गुंडाळला, हवा सोडली आणि परत भरली. मग म्हणाल्या, “थोडं बसा दादा, पाणी प्या.” वीस मिनिटांनी पुन्हा पाहिलं. दोन्ही वेळा १६०/१०० च्या आसपास. “तुमचं रक्त आज नाही घेता येणार.”

मला पहिल्यांदा राग आला. मागं उभे असलेले मित्र हसत होते. मी म्हटलं, उन्हातून आलो म्हणून असेल. बाई म्हणाल्या, “असू शकते. म्हणूनच चार-पाच दिवसांनी सकाळी पुन्हा मोजा.” मी चार महिने मोजलं नाही. ही माझी चूक, दुसऱ्या कुणाची नाही.

बीपी म्हणजे काय ते एकदाच सांगतो. हृदय ही मोटर आणि रक्तवाहिन्या म्हणजे पाइपलाइन. मोटर जोर लावते तेव्हाचा दाब वरचा आकडा, मोटर दम घेते तेव्हाचा खालचा. १२०/८० च्या आत असलं तर छान. वेगवेगळ्या दिवशी, शांत बसून मोजूनही १४०/९० किंवा वर येत असेल तर तो आजार. पाइपलाइनमध्ये कायम जादा प्रेशर ठेवलं तर पहिल्या दिवशी काही फुटत नाही. वर्षानुवर्षं जोड ढिले होत जातात आणि एक दिवस नेमका कमजोर जोड सुटतो. शरीरातले असे जोड म्हणजे मेंदू, डोळ्याचा पडदा, हृदय आणि किडनी. ‘बीपी वाढलं की डोकं दुखते, मले कळते’ असं छातीठोक सांगणारे गावोगाव आहेत. बहुतेकांना काही कळत नसतं.

कमी वयात बीपी निघालं की डॉक्टर आणखी एक गोष्ट करतात, कारण शोधतात. किडनीच्या रक्तवाहिनीत अडथळा, एखाद्या ग्रंथीचा बिघाड, असं काही सापडलं तर मूळ दुरुस्त करून बीपी सुटूही शकतं. माझ्या तपासण्यांत तसलं काही निघालं नाही. निघालं ते वजन, रात्रीचं जागरण आणि मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ म्हणते, म्हणजे फार तर चहाचा सपाट एक चमचा. आमच्याकडे तेवढं सकाळच्या तर्री-पोह्यात, वरच्या शेव-चिवड्यात आणि जेवणातल्या लोणच्या-पापडात संपून जातं. भाजी अजून बाकीच असते.

अठरा ते तीस, कोणाच्याच यादीत नाही

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तो फारसा कुणी बोलत नाही.

सरकारी आरोग्य व्यवस्था वयानुसार आपल्याला शोधत येते. बाळ जन्मलं की लसीकरण. अंगणवाडी आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. ते अठरा वर्षांपर्यंत. बाई गरोदर राहिली की आशाताई नाव नोंदवते, रक्त-लघवी-बीपी सगळं होतं. मग तिशी ओलांडली की आशाताई पुन्हा दारात, फॉर्म घेऊन. तंबाखू खाता का, कंबर किती, घरात कुणाला साखर आहे का. तीसच्या वरच्यांसाठी बीपी, साखर आणि तोंड, स्तन, गर्भाशयमुख या तीन कॅन्सरची तपासणी उपकेंद्रात किंवा आरोग्य केंद्रात मोफत होते.

आता मधली बारा वर्षं पाहा. अठरा ते तीस. याच वयात पोरगा खर्रा धरतो, पुण्याला कंपनीत जाऊन रात्रपाळी करतो, ट्रॅक्टर चालवतो, फवारणीला जातो, लग्न करतो. आणि याच वयात त्याच्याकडे कुणीच येत नाही. मुलगी निदान गरोदरपणात एकदा तपासली जाते. पोरगा दहावीनंतर थेट अपघातात किंवा भरतीच्या मेडिकलला डॉक्टरसमोर उभा राहतो.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मोठ्या अभ्यासानं देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आणि त्याहून जास्त, १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर असल्याचा अंदाज दिला. उंबरठा म्हणजे उपाशीपोटीची साखर १०० ते १२५; १२६ किंवा वर गेली आणि पुन्हा तपासूनही तशीच आली की मधुमेह. उंबरठ्यावरून परत फिरता येतं. पोट कमी केलं, चाललं-फिरलं, तर बरेच लोक फिरतात. पण आपण उंबरठ्यावर उभे आहोत हे आधी माहीत तर पाहिजे. ज्याच्या आईला किंवा वडिलांना साखर आहे, कंबर ९० सेंटिमीटरच्या वर आहे (बायांसाठी ८०), त्यानं तिशीची वाट पाहू नये.

“तिखट लागू राहिलं बे”

हिवाळ्यात शेतात रोडग्यांची पार्टी होती. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, वर तेल तरंगतंय. आमच्या वर्गातला एक जण, शाळेत असताना पैजेवर ठेचा खाणारा, भाजीत दही कालवून बसला होता. विचारलं तर म्हणे, “तिखट लागू राहिलं बे आजकाल. गालाले झोंबते.” रोडगाही तो चिमटीनं बारीक तोडून तोंडात सारत होता.

त्याचा दिवसाला चार-पाच खर्ऱ्यांचा रतीब. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घालून घोटलेला. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. खर्रा मात्र ठेल्यावर डोळ्यांदेखत घोटला जातो. सुपारीमुळे गालाच्या आतलं नरम कातडं हळूहळू जाड, पांढुरकं आणि चामड्यासारखं ताठर होतं. आधी तिखट झोंबतं, मग तोंड उघडेनासं होतं. ही कॅन्सरच्या आधीची अवस्था असू शकते. “मी तंबाखू नाही खात, निस्ती सुपारी खातो” म्हणणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं, कारण सुपारी एकटीसुद्धा कॅन्सर करते.

मी त्याला आपली तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात घालायला सांगितली. दोनच गेली. पोरं हसली, तोही हसला. पुढच्या आठवड्यात मी त्याला दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो. खर्रा तेव्हाच बंद झाला असं नाही. तीन वेळा सुटला आणि दोन वेळा धरला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, जे ताठरलं ते पूर्वीसारखं होण्याची आशा कमी, पण इथं थांबवलं तर पुढचा धोका कमी करता येतो.

दोन-तीन आठवड्यांत न भरलेलं तोंडातलं फोड, पांढरा किंवा लाल चट्टा, एवढं दिसलं की डॉक्टर. दुखत नसलं तरी. दुखत नसलं तर जास्तच, कारण कॅन्सरचं सुरुवातीचं फोड बहुधा दुखत नाही.

बायांचं अंगावर काढणं

मराठीत एक शब्दप्रयोग आहे, दुखणं अंगावर काढणं. तो बायांनीच घडवला असावा असं मला कधी कधी वाटतं.

गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या साडेसहाशे बायांची तपासणी केली होती. १९८९ मध्ये तो अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. शंभरातल्या ब्याण्णव बायांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास निघाला. त्याआधी त्यासाठी कधी तपासून घेतलेल्या होत्या फक्त आठ टक्के. जगभर त्या अभ्यासाची दखल घेतली गेली, कारण तोवर गावच्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि नसबंदी, एवढाच सरकारी हिशेब होता.

तेव्हापासून पुष्कळ बदललं. पण लग्न होऊन दोन वर्षं झालेली पोरगी अजूनही ‘अंगावरून पांढरं जाते’ हे सासूला सांगत नाही, सासू स्वतःचं कुणाला सांगत नाही आणि दोघी कंबरदुखीची गोळी वाटून खातात. पाळी दोन-दोन महिने न येणं, किंवा आली की आठ-दहा दिवस न थांबणं, हनुवटीवर केस येणं, पाळीत उठता न येण्याइतकं दुखणं, यातलं काहीही ‘बायांच्या जातीला असतेच’ नाही. डॉक्टर पुरुष असेल म्हणून लाज वाटत असेल तर उपकेंद्रातल्या सिस्टरपासून सुरुवात करता येते. आशाताई तर गावातलीच असते. ती गावातलीच आहे म्हणूनच तिला सांगायला नको वाटतं, हेही मला माहीत आहे. अशा वेळी दुसऱ्या गावच्या आरोग्य केंद्रात जायला कुणाची बंदी नाही.

आयुष्यात एकदाच करायची तपासणी

विदर्भातल्या, त्यातही गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, यवतमाळ, अमरावती या पट्ट्यातल्या तरुणांसाठी एक तपासणी खास आपली आहे. सिकलसेल. यात रक्तातल्या तांबड्या पेशी गोल राहत नाहीत, विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक वाहिन्यांत अडकतात. आई-बाप दोघांकडून सदोष जनुक आलं तर माणूस रुग्ण, म्हणजे एसएस. एकाकडूनच आलं तर तो वाहक, एएस. वाहकाला सहसा काही त्रास नसतो. तो ट्रॅक्टर चालवतो, भरतीत पळतो, शंभर वर्षं जगू शकतो.

प्रश्न दोन वाहकांचं लग्न झालं की येतो. प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता चारात एक. इथं लोक गफलत करतात: ‘पहिलं लेकरू आजारी झालं, म्हणजे आता पुढची तीन सुटली.’ तसं नाही. दर वेळी चिठ्ठ्या नव्यानं टाकल्या जातात. मागच्या वेळी कोणती निघाली याचा पुढच्या वेळेशी संबंध नाही.

राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान जुलै २०२३ मध्ये सुरू झालं. शून्य ते चाळीस वयोगटातल्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचं उद्दिष्ट. बोटातून थेंबभर रक्त, तेही फुकट. हा फक्त आदिवासींचा आजार आहे असं समजून इतर समाजातली पोरं मागं राहतात; आमच्या भागात ते खरं नाही. ‘वाहक निघालो तर लग्न कसं जुळेल’ ही भीती मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. ती खरी आहे. पण कार्डावर एएस लिहिलेला माणूस आजारी नसतो, त्यानं वाहक किंवा रुग्ण नसलेल्या कुणाशीही लग्न केलं तर लेकराला हा आजार होत नाही, हे दोन्ही घरच्यांना समजावून सांगणारं माणूस आरोग्य केंद्रात असतं. न तपासल्यानं जनुक निघून जात नाही.

“डॉक्टरकडे गेलं की तो काहीतरी काढतेच”

आता खरे अडथळे. हे पहिलं वाक्य मी सगळ्यात जास्त ऐकतो, आणि त्यात तथ्य आहे. म्हणूनच गाडीभर तपासण्यांच्या पॅकेजच्या मी विरोधात आहे. हिशेब करून पाहा. एक आजार हजारात एकाला आहे. तपासणी शंभरात पाच वेळा चुकते. हजार धडधाकट पोरांची ती तपासणी केली तर जेमतेम एक खरा रुग्ण सापडेल आणि पन्नासेक निरोगी पोरांना ‘काहीतरी आहे’ असा कागद मिळेल. मग त्या पन्नासांची झोप उडणार, नागपूरच्या चकरा, आणखी तपासण्या. हा प्रत्येक सावलीवर भुंकणारा राखणीचा कुत्रा झाला. म्हणून ज्या तपासण्या स्वस्त आहेत, ज्यांतला आजार आपल्या भागात पुष्कळ आहे आणि ज्याच्यावर उपाय आहे, तेवढ्याच करायच्या. बाकीच्या डॉक्टरनं लक्षण पाहून सांगितल्या तर.

“आम्ही जातोच की डॉक्टरकडे.” जातो, ताप आला की. सुई टोचून, सलाईन लावून, संध्याकाळी परत. चावडीमागच्या खोलीत बसणाऱ्या, पदवी नसलेल्या ‘डॉक्टर’कडेही जातो. त्या सुईत पुष्कळदा वेदनाशामक किंवा स्टेरॉइड असतं. त्यानं दुखणं झाकलं जातं, जात नाही. मे महिन्यात दिवसभर उन्हात राबून, पाणी कमी पिऊन, वर अंगदुखीच्या गोळ्या रोज खाल्ल्या तर थेट किडनीवर मार बसतो. त्या खोलीत बीपीचा पट्टा कधी पाहिला आहे का, आठवून बघा.

“रोज पडते.” मजुरी बुडते, हे खरं. आरोग्य केंद्राची ओपीडी सकाळची आणि निंदणही सकाळचंच. यावर माझ्याकडे गोड उत्तर नाही. पण बीपी-साखर-हिमोग्लोबिन उपकेंद्रातच होतं, त्याला तालुका लागत नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपर आणि उपचाराचे पैसे लागत नाहीत. नागपूरचं मेडिकल किंवा मेयो ही मोठी सरकारी रुग्णालयं वेगळ्या खात्याकडे आहेत, तिथं ही सूट गृहीत धरू नका. “गंभीर झालं तर फुले योजना हाय ना” असंही म्हणतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण ते दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी. दाखल व्हायची वेळच येऊ नये म्हणून जे करायचं ते तिच्यात बसत नाही. शिवाय डायलिसिस फुकट झालं तरी आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी चार तास मशीनला बांधून राहणं आणि एसटीनं जाणं-येणं, त्या दिवसांची मजुरी कोण देणार?

“आजोबा नव्वद वर्षं जगले, कधी डॉक्टर पाहिला नाही.” आजोबांच्या वयाचे जे पन्नाशीत गेले त्यांची गोष्ट सांगायला कुणी उरलं नाही, म्हणून आपल्याला फक्त नव्वदीच्या आजोबांची गोष्ट ऐकू येते. आणि आजोबा बैलामागं चालत होते. आपण मोटरसायकलवर बांधावर जातो.

“गोळी लागली की जन्माची.” काहींना लागते. मला अजून अर्धी चालू आहे. वजन दहा किलो उतरल्यावर डॉक्टरांनी एकाची अर्धी केली. स्वतःच्या मनानं बंद करून पाहिली होती एकदा. आठ दिवसांत आकडा जिथल्या तिथं.

मग नेमकं काय करायचं

भरतीवाल्या पोराला मी सांगितलं ते असं. वर्षातून एकदा, सोयाबीन निघून कापूस वेचायला सुरुवात व्हायच्या मधल्या सवडीत, उपकेंद्रात जा. बोर्डावर आता आयुष्मान आरोग्य मंदिर लिहिलेलं असते, इमारत तीच. तिथल्या सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी मॅडमला सांग, काही होत नाही, पण वार्षिक पाहून घ्यायचं आहे. वजन, कंबर, बीपी, हिमोग्लोबिन, लघवीची पट्टी. तुझ्या वडिलांना साखर आहे, म्हणून तुझी साखर पण. सिकलसेल झालं नसेल तर एकदा. तोंड आरशासमोर उजेडात स्वतः पाहायचं, महिन्यातून एकदा. दोन आठवड्यांच्या वर खोकला राहिला तर वर्षाची वाट पाहायची नाही, थुंकी तपासायची. क्षयाचं औषध फुकट आहे आणि उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला हजार रुपये खात्यात येतात.

फवारणीच्या दिवसांचं वेगळं. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. डोळ्यांपुढं धुरकट दिसणं, लाळ सुटणं, मळमळ, छाती भरून येणं, यातलं काही झालं तर ‘उद्या पाहू’ नाही. अंगावरचे कपडे काढून, अंग धुऊन, औषधाचा डबा सोबत घेऊन तडक दवाखाना.

आणि एक गोष्ट पट्ट्यानं मोजता येत नाही. झोप उडाली, काही करावंसं वाटेना, जगून काय उपयोग असं मनात यायला लागलं, तर तेही दुखणंच आहे आणि तेही आपण अंगावर काढतो. १४४१६ हा टेली-मानसचा नंबर, कधीही लावला तरी चालतो, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. भरतीत दोनदा राहिलेल्या पोराला हा नंबर मी मुद्दाम लिहून दिला. त्यानं काही न बोलता खिशात ठेवला.

जाताना एक वही ने, असंही सांगितलं. कागद हरवतात आणि पुढच्या डॉक्टरला मागचा आकडा लागतो; एका आकड्यापेक्षा तीन वर्षांचे तीन आकडे जास्त बोलतात. त्यानं विचारलं, कोणती वही? मी माझी दाखवली. शेताच्या हिशेबाचीच आहे, मागच्या पानांवर बीपी. गेल्या महिन्याच्या पानावर १२६/८२, आणि त्याच्याच खाली युरियाच्या दोन बॅगांची उधारी.